केकवरची धूळ कुणी झटकायची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, आधीच सांगते. कापायचं असेल तर कुठूनही कापा, पण लोण्याचं आणि धुळीचं तेवढं राहू द्या.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत इंग्लंडातल्या चार घरगुती रेसिपी आल्या होत्या. मी सांगलीत घरीच केक-बिस्किटांचे क्लास घेते, १४ वर्षं झाली, त्यामुळे असलं काही छापून आलं की माझ्या मुली (क्लासच्या हो) लगेच करून बघतात आणि बिघडलं की फोन मला. सोमवारी सकाळी सातलाच एकीचा फोन, "काकू, मश्रूम परतायचे होते की लोण्यात पोहायला सोडायचे होते?" तिने फोटो पाठवला. कढईत नुसतं पिवळं तळं आणि त्यात मश्रूम गळ्यापर्यंत बुडालेले. मी म्हटलं अगं एवढं लोणी कुणी सांगितलं तुला, तर म्हणे पेपरात लिहिलंय, "एक मूठ लोणी". पोरगी सरळ स्वभावाची, तिने पाकीट फोडलं आणि खरोखर मूठभर काढून घातलं. आई घरात नव्हती म्हणून वाचली.

मी मूठ वाचली आणि मला लगेच कळलं मूळ शब्द कुठला असणार. नॉब. इंग्लंडात रेसिपीत हमखास असतं, अ नॉब ऑफ बटर. आता डिक्शनरी उघडली तर नॉब म्हणजे दाराची मूठ, चुकीचं काहीच नाही, भाषांतर करणाऱ्याने दाराची मूठ सोडून नुसती मूठ ठेवली आणि आमच्याकडे मूठ म्हटलं की माप होतं, शेंगदाणे मूठभर, तांदूळ मूठभर. नॉब म्हणजे सुरीच्या टोकाने लोण्याच्या वडीतून उचकटलेला छोटा गोळा, सुपारीएवढा, फार तर अक्रोडाएवढा. बस. त्याला तोलत नाही कुणी, डोळ्यानेच घेतात.

आणि दुसरं ते धुळीचं. त्याच पानावर खाली स्पंज केकमध्ये शेवटची ओळ अशी, "केक पूर्ण गार झाला की पिठीसाखरेने धूळ झटकून घ्या." मी तीनदा वाचलं. मग आमच्या ह्यांना वाचून दाखवलं (हे कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, आता रिटायर, दिवसभर शब्दकोश घेऊन बसतात) तर ते इतके हसले की ठसका लागला. डस्ट! इंग्रजीत डस्ट हा शब्द असा बेरकी आहे की त्याचे दोन अर्थ एकमेकांच्या बरोब्बर उलटे आहेत. टेबल डस्ट करा म्हणजे त्याच्यावरची धूळ काढा, आणि केक डस्ट करा म्हणजे त्याच्यावर धुळीसारखं काहीतरी घाला, साखर किंवा कोको, बारीक चाळणीतून, इतकं पातळ की खालचा केक दिसत राहिला पाहिजे. पोळपाटावर पीठ डस्ट करायचं म्हणजे तर आपण रोज करतो ते, पीठ भुरभुरवून घेतो. तिकडे हवामानाच्या बातम्यांतही हाच शब्द येतो, बर्फ नुसतं जमिनीवर पांढुरकं दिसण्यापुरतं पडणार असेल तर डस्टिंग म्हणतात, मला ते फार आवडतं, म्हणजे वर कुणीतरी चाळणी घेऊन बसलंय.

आता हे दोन विनोद म्हणून सोडून दिले असते. पण मी पेन घेऊन चारही रेसिपी परत वाचल्या आणि "थोडंसं" मोजलं. एकोणीस वेळा. थोडंसं मीठ, थोडंसं दही, थोडंसं तेल, थोडंसं व्हिनेगर, वरून थोडंसं जायफळ. असले पदार्थ मी करते म्हणून मला माहितीय, मूळ इंग्रजीत तिथे एकोणीस वेळा एक शब्द नसणारच. पिंच असणार, डॅश असणार, डॉलप, ड्रिझल, स्प्लॅश, डॅब, स्प्रिंकलिंग असं सगळं असणार आणि त्यातलं प्रत्येक वेगळं. मी मुलींना पहिल्याच दिवशी सांगते की ही मापं नाहीयेत गं, ह्या हाताच्या हालचाली आहेत. शब्द ऐकला की हात कसा हलतो ते बघायचं, मग किती घालायचं ते आपोआप येतं आणि मराठी शब्दही आपोआप येतो. तुमच्या भाषांतरकाराने डिक्शनरी बघितली, हात नाही बघितला, माझी तक्रार एवढीच आहे.

पिंचचंच घ्या. हा एक शब्द आपल्याला आयता मिळालाय कारण इंग्रजीत पिंच म्हणजे चिमटा काढणं पण आणि चिमूट पण, आणि आपलंही चिमटा-चिमूट एकाच घरातलं. अंगठा आणि बोटांत जेवढं मावेल तेवढं. तिथे "चिमूटभर मीठ" सोडून "थोडंसं मीठ" कुणी का लिहावं मला कळत नाही. उलट जिथे चिमूट नको तिथे लोक बरोबर घालतात. व्हॉट्सअ‍ॅपवर एकाने लिहिलेलं बघितलं, "ही बातमी चिमूटभर मीठ घेऊन वाचा". अरे बाबा, ती इंग्रजीतली म्हण आहे, सगळंच खरं मानू नका अशा अर्थाची. इंग्लंडात पिंच ऑफ सॉल्ट म्हणतात, अमेरिकेत ग्रेन म्हणजे मिठाचा कण. आमचे हे सांगत होते की ही म्हण पार रोमन लेखक प्लिनीपर्यंत जाते, त्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात विषावरचा एक उतारा लिहून ठेवलाय, मिथ्रिडेटिस राजाचा म्हणून, दोन सुके अक्रोड, दोन अंजिरं, सतापाची वीस पानं आणि एक कण मीठ, सगळं कुटून उपाशीपोटी घ्यायचं की त्या दिवशी विष बाधत नाही. मराठी माणसाला हे कुठून कळावं, तो बिचारा मीठ शोधायला जातो.

पण ह्या शब्दांना मापात बसवायचा उद्योगही झालेला आहे, अमेरिकेत. माझा भाचा न्यू जर्सीला असतो, त्याने मागच्या दिवाळीत मला पाच टिचभर चमच्यांचा सेट आणून दिला, इतके लहान की बाहुलीच्या भातुकलीतले वाटावेत, आणि प्रत्येकाच्या दांड्यावर नाव कोरलेलं. टॅड म्हणजे पाव टीस्पून, डॅश म्हणजे एक अष्टमांश, पिंच एक सोळांश, स्मिजन एक बत्तिसांश आणि ड्रॉप एक चौसष्टांश. दर वेळी निम्मं. टीस्पून ५ मिलीचा धरला तर स्मिजन साधारण ०.१६ मिली होतो. मी हौसेने स्मिजनच्या चमच्यात मीठ घेतलं, काठावर सुरी फिरवून सपाट केलं आणि तळहातावर ओतलं, मोजायला गेले तर घामानेच विरघळलं. मला हसू हे येतं की ह्याच अमेरिकेत फॅनी फार्मर बाईंनी १८९६ साली बॉस्टनच्या कुकिंग स्कूलचं पुस्तक काढून लोकांना सपाट कप-सपाट चमच्याची सवय लावली, कशाला तर हे अंदाजपंचे शब्द जावेत म्हणून, आणि शंभर वर्षांनी लोकांनी त्याच अंदाजपंचे शब्दांचे चमचे करून विकले. कायद्याचं माप नाही हं हे, चमचे करणाऱ्यांनी ठरवलेलं. इंग्लंडातली बाई अजून बोटानेच घालते.

(चमच्यावरून आठवलं, बहीण मेलबर्नला असते, तिच्या रेसिपीने मी एकदा स्कोन केले आणि ते भाकरीसारखे चपटे बसले, नंतर कळलं ऑस्ट्रेलियाचा टेबलस्पून २० मिलीचा आणि आपला १५चा, म्हणजे माझी बेकिंग पावडर सरळ पाव हिश्शाने कमी पडली होती. तेव्हा मापाचे चमचे आहेत म्हणून फार विश्वास ठेवू नये.)

टॅडची एक गंमत सांगते. टॅड म्हणजे आधी माप नव्हतंच, लहान पोरगं. बहुधा टॅडपोलवरून, म्हणजे बेडकाचं शेपटीवालं पिल्लू. अब्राहम लिंकनचा धाकटा मुलगा, १८५३ साली जन्मलेला, त्याचं खरं नाव थॉमस पण बाळपणी डोकं मोठं आणि अंग वळवळं म्हणून बापाने टॅड टॅड केलं आणि जन्मभर तेच राहिलं. पोरावरून मग इतकुसं, एवढुसं असा अर्थ झाला. आपण नाही का "पिटुकलं" हे पोरालाही म्हणतो आणि वाटीलाही. आणि स्मिजन हाही अमेरिकेतच एकोणिसाव्या शतकात वर आलेला शब्द, मागे स्कॉटलंडचा स्मिच असावा असं म्हणतात. ह्याला मराठीत काय म्हणायचं म्हणून क्लासमध्ये आम्ही एकदा डोकं खाजवत बसलो होतो. कणभर, तिळभर, रतीभर, गुंजभर, नखभर असं एकेक आलं. त्यातला रती-गुंज सोनाराचा, एका तोळ्यात ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज ०.१२ ग्रॅमच्या आसपास. एक मुलगी म्हणाली, "आमची आजी नखावर बसेल एवढा हिंग म्हणते". झालं की! स्मिजनचा चमचा आजीच्या नखात आहे.

डॅश बघा. डॅश म्हटलं की आपल्याला परीक्षेतल्या गाळलेल्या जागा आठवतात. पण हा शब्द मुळात मारण्याचा-आपटण्याचा आहे, म्हणून लाटा डॅश होतात, माणूस डॅश करून पळतो. स्वयंपाकात डॅश म्हणजे बारीक तोंडाची बाटली उलटी करून दिलेला एक हिसका. कॉकटेलवाल्यांकडे अँगोस्टुरा बिटर्स नावाच्या कडू अर्काची बाटली असते, लेबल बाटलीपेक्षा मोठं, मानेपर्यंत चढलेलं, ते औषध म्हणून १८२४ साली व्हेनेझुएलाच्या अँगोस्टुरा गावी एका जर्मन डॉक्टरने काढलं, त्या बाटलीला भोक इतकं बारीक की एका हिसक्याला मोजकेच थेंब पडतात. तो डॅश. मग "व्हिनेगरचा एक हिसका द्या" असं लिहिलं तर काय बिघडतं? बायकांना लगेच समजेल, गुलाबपाण्याला आपण तसंच करतो.

आणि डॉलप, जिथे तुमच्याकडे "थोडंसं दही" छापलंय (मी पैज लावते तिथे डॉलपच असणार, भाजलेल्या बटाट्यावर दुसरं काय घालतील). डॉलप थोडंसं नसतंच मुळी! सोळाव्या शतकात हा शब्द शेतातल्या गवताच्या झुबक्याला वापरायचे, नांगरताना मध्येच राहून गेलेला उंच पुंजका. त्यावरून मग कसलाही बेढब गोळा. डॉलप म्हणजे घट्ट दही किंवा क्रीम चमच्याने भरभरून उचलून उपडं केल्यावर थपकन पडतं ते, काठ वाकडेतिकडे, पसरत नाही, तसंच बसून राहतं. डॉलपमध्ये उदारपणा आहे हो. वाढणारी बाई "घे गं अजून" म्हणणारी आहे. त्याचं "थोडंसं दही" करून तुम्ही तिला कंजूष केलंत.

ड्रिझल तर पावसाचा शब्द. ब्रिटनच्या हवामानखात्याच्या हिशेबाने थेंब अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर तो ड्रिझल, त्याच्यावर गेला की पाऊस. अमेरिकेत तर पाऊस इंचाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी पडला तर आकडा न टाकता नुसता "टी" लिहितात, ट्रेसचा टी, म्हणजे पडल्याची खूण आहे पण मोजायला काही नाही. आता हा ड्रिझल स्वयंपाकघरात आला तो तेल, मध, वितळलेलं चॉकलेट ह्यांच्यासाठी, चमच्यातून किंवा बाटलीतून बारीक धार हलवत हलवत सोडायची. हे तुमच्या भाषांतरात "वरून थोडंसं तेल शिंपडा" झालंय. तेल कुणी शिंपडतं का हो? तेल आपण सोडतो! थालीपिठाला मधल्या भोकात आणि कडेने तेल सोडा, असं सांगलीतलीच काय अख्ख्या महाराष्ट्रातली कुठलीही बाई सांगेल. ड्रिझलला इतका नेमका शब्द घरात असताना भाषांतरकार बाहेर शोधत बसला.

शिंपडण्यावरून जरा भांडायचंच आहे. इंग्रजीत स्प्रिंकल एकच शब्द, तो पाण्यालाही चालतो, साखरेलाही, कोथिंबिरीलाही, पाकळ्यांनाही. तिथे ते गरीब आहेत आणि आपण श्रीमंत. आपण पाणी शिंपडतो, पिठीसाखर भुरभुरवतो, खोबरं-कोथिंबीर पेरतो, गुलाल उधळतो, अंगणात सडा घालतो, औषध फवारतो, लग्नात अक्षता टाकतो. कोथिंबीर शिंपडा म्हटलं की माझ्या अंगावर शहारा येतो, ती काय तीर्थ आहे? आणि हल्ली व्हिडिओवाल्या ताया "आता ह्याच्यावर मस्त कोरिएंडर स्प्रिंकल करूयात" म्हणतात ते त्याहून. मी इंग्रजीच्या विरोधात नाही, मी दिवसभर ओव्हन, बेक, व्हिस्क, फोल्ड, आयसिंग बोलते, ज्याला शब्दच नाही तिथे ओढूनताणून संस्कृत आणणारी मी नव्हे. पण पेरणं सोडून स्प्रिंकल करणं म्हणजे घरचं तूप शिंक्यावर ठेवून शेजारी मागायला जाणं.

त्या केकवरच्या रंगीत कण्यांचं मात्र सांगायलाच पाहिजे. आपल्याकडे दुकानात त्याला स्प्रिंकल्सच म्हणतात, अमेरिकेतही, पण बॉस्टनकडे म्हणे त्यालाच जिमीज म्हणतात, आणि इंग्लंडात हंड्रेड्स अँड थाउजंड्स, शेकडो-हजारो! ऑस्ट्रेलियात पोरांच्या वाढदिवसाला पांढऱ्या ब्रेडला लोणी फासून त्याच्यावर हेच शेकडो-हजारो चिकटवतात, फेअरी ब्रेड म्हणतात, बहिणीच्या नातवाच्या वाढदिवसाचा फोटो आहे माझ्याकडे. डच लोक त्यांच्या चॉकलेटच्या कण्यांना गारांचा सडा अशा अर्थाचं नाव देतात आणि सकाळच्या नाश्त्याला ब्रेडवर घालून खातात, मोठी माणसं सुद्धा.

अजून एक खड्डा तुमच्या भाषांतरकाराच्या वाटेत आहे तो आधीच दाखवून ठेवते. ड्रेज. रेसिपीत कधीतरी "ड्रेज विथ शुगर" येईल. आपल्याकडे ड्रेजिंग म्हणजे बंदरातला गाळ उपसणं, पेपरातच येतं ते. तेव्हा "केकमधला साखरेचा गाळ काढा" असं कृपा करून छापू नका. हे दोन वेगळे शब्द आहेत, दिसायला जुळे, रक्ताचं नातं काही नाही. साखरेचा ड्रेज जुन्या फ्रेंचमधल्या मिठाईच्या शब्दावरून आलाय, डस्टपेक्षा दाट, चांगलं पांढरंशुभ्र होईपर्यंत. मासा तळायच्या आधी पिठात घोळवतो तेही ड्रेजच.

आमच्या ह्यांना आता पत्रात शिरायचंय, म्हणतात माझं पण लिही. तर ते म्हणतात की ह्या सांडण्या-पसरण्याच्या शब्दांत आपलीच माणसं भेटतात. स्ट्रू म्हणजे पसरणं, पूर्वी इंग्लंडात घराच्या जमिनीवर गवत-काडी पसरत त्याला स्ट्रू करणं म्हणायचे आणि जे पसरायचं ते स्ट्रॉ, काडी. आणि हा स्ट्रू संस्कृतातल्या स्तृ धातूचा चुलतभाऊ, ज्याच्यातून आपला विस्तार आला. म्हणजे कोल्ड्रिंकमधली स्ट्रॉ आणि शहराचा विस्तार एकाच पूर्वजाचे. स्कॅटर हा बहुधा शॅटरचाच उत्तरेकडचा उच्चार, फुटणं आणि विखुरणं एकच. तसंच स्मिदरीन्स, ठिकऱ्या उडणं, तो आयर्लंडचा.

मला स्वतःला त्यातला आवडला तो ब्रॉडकास्ट. रेडिओच्या कितीतरी आधी, अठराव्या शतकात, ब्रॉडकास्ट म्हणजे मुठीने बी लांबवर फेकून पेरणं. माझे सासरे मिरजेकडच्या शेतात मेथी-कोथिंबीर अशीच फोकायचे, डाव्या काखेत टोपली, उजवा हात अर्धगोल फिरायचा आणि बी असं पंख्यासारखं पसरायचं, पाय आणि हात एका तालात, मी लग्न होऊन आले तेव्हा करून बघितलं तर माझं सगळं एकाच जागी पडलं आणि तिथे नंतर मेथीचं जंगल उगवलं. तिकडे १७०१च्या सुमाराला जेथ्रो टल नावाच्या माणसाने ओळीत पेरायचं यंत्र केलं तेव्हा हे फोकणं मागे पडायला लागलं (आपल्याकडे पाभर-तिफण होतीच). आणि मग १९२० नंतर रेडिओ आला, आवाज असाच चहूकडे फोकायचा म्हणून त्याला तोच शब्द दिला. बीबीसीतला मधला बी म्हणजे माझ्या सासऱ्यांचा हात.

आणि हे ऐका, हे मला माहीत नव्हतं. इंग्रजीत बदनामी करण्याला कास्टिंग अ‍ॅस्पर्शन्स म्हणतात. अ‍ॅस्पर्शन म्हणजे लॅटिनमध्ये शिंपडणं. चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडतात तेही त्याच शब्दातलं, शेक्सपिअरने टेम्पेस्ट नाटकात तो आकाशातून पडणाऱ्या आशीर्वादाला वापरलाय. मग शिंपडता शिंपडता चिखल आला आणि अर्थ फिरला. आपण काय म्हणतो? शिंतोडे उडवणं! कुणी कुणाचं भाषांतर केलं नसेल, दोन्हीकडच्या लोकांचे पांढरे कपडे रस्त्यात खराब झाले असतील आणि दोघांना तेच सुचलं असेल.

आमचे हे ड्रॅमलाही सोडत नाहीत. स्कॉटलंडात व्हिस्कीचा घोट म्हणजे ड्रॅम, त्याला माप असं नाही, ओतणाऱ्याच्या मनावर, पण औषधाच्या जुन्या मापात ड्रॅम म्हणजे औंसाचा आठवा भाग. तो ग्रीकांच्या द्राख्मा नाण्यावरून, आणि तोच द्राख्मा इकडे येऊन द्रम्म झाला, द्रम्माचा दाम झाला, मग छदाम, दमडी सगळी पोरंबाळं. म्हणजे तिकडे शब्द बाटलीत गेला आणि इकडे कनवटीला. हॉब्सन-जॉब्सन म्हणून १८८६ सालचा कोश आहे, त्यात तर सुचवलंय की साहेब लोक "आय डोन्ट केअर अ डॅम" म्हणतात तो आपलाच दाम. पुढच्या कोशकारांना हे पटलेलं नाही. ह्यांना पटतं.

एक गोष्ट मात्र इंग्रजांकडून शिकावी अशी आहे, ती म्हणजे भाषेसाठीही ते असलंच माप वापरतात. स्मॅटरिंग ऑफ फ्रेंच, म्हणजे फ्रेंचचे चार-दोन शब्द येतात, इकडेतिकडे पडलेले. मुळात स्मॅटर म्हणजे अर्धवट माहितीवर बडबड करणं. आणि सूपसाँ म्हणून एक फ्रेंचकडून उचललेला शब्द आहे, लसूण सूपसाँभर घाला असं नखरेल रेसिपीत असतं, त्याचा फ्रेंचमधला अर्थ चक्क संशय. लसूण आहे की काय असा संशय यावा इतकीच. आमच्या सासूबाई "नावाला घाल" म्हणायच्या, तेच ते. सासूबाईंचा शब्द मला बरा वाटतो, त्यात नखरा नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की भाषांतर करणाऱ्या दादांनी किंवा ताईंनी एकदा ओट्याशी उभं राहून भाषांतर करावं. एका हातात चमचा, एका हातात पेन. आणि मागच्या रविवारची दुरुस्ती छापा, मूठभर लोणी अजून कितीजणींनी घातलं असेल देव जाणे, लोण्याचे भाव काय झालेत तुम्हीच पहिल्या पानावर छापता.

पुढच्या रविवारी लेमन ड्रिझल केक येणार असं तुम्ही चौकटीत दिलंय म्हणून हे पत्र घाईने स्कूटरवरून स्वतः तुमच्या ऑफिसात आणून देतेय. त्याला लिंबाचा रिमझिम केक करू नका. केक ओव्हनमधून काढला की गरम असतानाच विणकामाच्या सुईने नाहीतर उदबत्तीच्या काडीने (धुऊन) भोकं पाडायची, लिंबाच्या रसात साखर ढवळायची पण विरघळू द्यायची नाही, आणि चमच्याने सगळीकडून सोडायची. रस आत मुरतो आणि साखर वर राहून कुरकुरीत होते. "सोडायची" असं लिहा.

आपली,
केकवाल्या काकू, सांगली